ड्रायरमागची बाटली

ड्रायरच्या मागे उभं राहून ऑपरेटर जनार्दन खिशात काहीतरी घालतोय, हे मला प्लँटवरच्या तिसऱ्याच दिवशी दिसलं. त्या दिवसांत मी कुणाशीच फार बोलत नव्हते, नुसती बघत होते.

चौदा वर्षं मी बोईसर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. प्लँटवरून सँपल यायचं, मी पास किंवा फेल लिहायचे. एका सोमवारी प्लँट मॅनेजर सावेसाहेबांनी बोलावलं.

"उद्यापासून तुम्ही प्रॉडक्शनला. शिफ्ट इनचार्ज."

"मी? सर, मी कधी साधा व्हॉल्व्हसुद्धा फिरवलेला नाही."

"शिकाल."

पालघरला घरी पोचेपर्यंत माझी खात्री झाली, हा मला घालवायचा डाव आहे. बॅचेस फेल होत होत्या. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं. नवरा म्हणाला, "नाही म्हणून सांग." पण नाही म्हटलं असतं तर त्यांना कारण आयतंच मिळालं असतं.

आमची पावडर ड्रायरमध्ये सुकवतात. तिच्यात ओलावा किती उरला ते लॅब तपासते. जास्त निघाला की माल पुन्हा ड्रायरमध्ये. ऑपरेटर ड्रायर लवकर उघडतात, असं लॅबचं, म्हणजे माझंच, ठाम मत होतं.

प्लँटवर मी गेले की बोलणं थांबायचं. एक हेल्पर दुसऱ्याला म्हणाला, "मॅडम जासूसी करने आयी हैं." त्याचं अगदीच चूक नव्हतं.

पुढच्या बॅचला मी सरळ ड्रायरच्या मागे जाऊन उभी राहिले.

"जनार्दनभाऊ, खिशात काय आहे?"

जनार्दन जवळच्याच बेटेगावचा. ड्रायरवर वीस वर्षं काढलेला माणूस. त्याने काचेची छोटी बाटली काढली. घट्ट झाकण, आत आमची पावडर. माल लपवला की नोकरी जाते, हे त्यालाही ठाऊक होतं.

"कुणाला देता हे?"

"कोनाला देऊ? लॉकरला ठेवतो."

"कशाला?"

"तुमच्या लॅबवर माजा इस्वास नाय, म्याडम. आमी बरोबर सुकवतो न् तुमी फेल लिवता. एक दिवस साहेब मला काडतील. तवा दाखवायला कायतरी पायजे ना."

मला राग आला. बाटली घेऊन तडक लॅबमध्ये गेले. त्याच बॅचचं नेहमीचं सँपल, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं, तिथे तपासायला घेतलंच होतं. दोन्ही तपासली. पिशवी फेल. बाटली पास.

यानेच बाटलीतली पावडर वेगळी सुकवली असणार, हा माझा पहिला विचार. म्हणून पुढच्या बॅचला पिशवी आणि बाटली दोन्ही मी माझ्या हाताने भरली. बाटली जवळ ठेवली आणि पिशवीच्या मागे निघाले. ती लॅबच्या खिडकीबाहेरच्या ट्रेमध्ये गेली. लॅबची माणसं जेवायला गेली होती. पिशवी दीड तास तिथेच पडून. हवा दमट, समुद्र जवळ. आमची पावडर हवेतलं पाणी ओढून घेते, पिशवीचं तोंड नुसतं पिळलेलं. पुन्हा तेच. पिशवी फेल, बाटली पास.

आधी सँपल काचेच्या बाटलीत घ्यायचे; बाटल्या फुटायच्या, म्हणून कधीतरी पिशवीचा नियम झाला होता. नियमाच्या कागदाखाली सही माझी होती.

जनार्दनने माल लपवला, एवढंच लिहून मी सुटू शकले असते. दुपारभर तसं मनात घोळत होतं. शेवटी रिपोर्टमध्ये त्याची बाटली आणि आमची पिशवी, दोन्ही गोष्टी लिहिल्या. सावेसाहेबांनी तो दोनदा वाचला.

"हा पिशवीचा नियम कुणी लिहिला?"

"मीच, सर."

जनार्दनला आणि मला एकाच दिवशी मेमो मिळाला. त्याची नोकरी राहिली. सँपल पुन्हा काचेच्या बाटलीत जाऊ लागलं, ओलाव्यावरून बॅच फेल होणं थांबलं.

नंतर मी साहेबांना विचारलंच, "तुम्हाला लॅबचा संशय होता, म्हणून मला पाठवलंत का?"

"नाही हो. आधीचा इनचार्ज सोडून गेला. बाकीच्यांना विचारलं, सगळे नाही म्हणाले. तुम्ही 'नाही' म्हणाला नाहीत."

नवं काम अंगावर घ्यायला धाडस लागतं म्हणतात. मी तर नोकरीच्या भीतीने गेले होते. शिकायला तेवढंही पुरलं.