चार-चारच्या गठ्ठ्यातला माझा एक फॉर्म

कुलथे सरांची आणि माझी पहिली भेट चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये झाली. ते व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक; मी नववी नापास, तिसऱ्या लाइनवर कंत्राटी. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात माझं काय काम, असं मी फोनवर विचारलं. सर म्हणाले, "तुम्ही लिहाच. फक्त सगळीकडे चार-चार भरू नका." म्हणून इथे तमिळनाडूतल्या होसूरहून लिहितो आहे.

साहेब लोक नेतृत्व कसं करतात, हे मोजायला सर आले होते. माणसं घडवणारा साहेब वेगळा, आणि काम झालं तर शाबासकी, चुकलं तर झापणं, असा देवाणघेवाणीचा साहेब वेगळा, हे त्यांनी आमच्याबरोबर चहा घेत समजावलं. आम्हाला 'अहो' म्हणणारे ते पहिलेच. फॉर्मवर प्रत्येक वाक्यापुढे आकडा लिहायचा होता. शून्य म्हणजे कधीच नाही, चार म्हणजे नेहमी. "नाव लिहायचं नाही. बिनधास्त लिहा."

आमचे सुपरवायझर जगदाळे साहेब त्याआधीच लाइनवर फिरून गेले होते. "भावांनो, चार म्हणजे फुल मार्क. काय ते समजून घ्या."

पोरांनी समजून घेतलं. 'साहेब अडचण ऐकून घेतात' याला चार. 'गरज असते तेव्हा साहेब सापडत नाहीत' यालाही चार! माझा रूम पार्टनर, लातूरचा अंकुश, कोपर मारून म्हणाला, "अरं, वाचायलास काय? बोर्डाची परीक्षा हाय व्हय?" पण मी बोट ठेवून वाचलं. माझं मत तोवर कोणी विचारलंच नव्हतं. ऐकून घेण्याला शून्य दिलं, न सापडण्याला चार.

सरांनी कंपनीत अहवाल मांडला. वरच्या साहेबांना तोंडावर सांगितलं, की हे फॉर्म भीतीने भरलेत, यावरून कोणाचंच नेतृत्व मोजता येणार नाही. एवढी हिंमत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. मग त्यांनी एक फॉर्म पडद्यावर दाखवला. "या एकाच कामगाराने प्रश्न वाचून उत्तरं दिली आहेत." नाव नव्हतं. वर लिहिलं होतं: लाइन तीन, दुसरी शिफ्ट, नोकरी सात महिने. आमच्या लाइनवर सात महिन्यांचा मी एकटाच होतो.

सोमवारी गेटवर माझं कार्ड चाललं नाही. जगदाळे साहेब बाहेर आले. "साहेब ऐकून घेत नाहीत म्हणे. बोला राव, आता ऐकतो."

मी कार्ड खिशात घातलं आणि खोलीवर परतलो.

माझं काम गेल्याचं कळल्यावर सर बसने थेरगावला आमच्या खोलीवर आले. अंकुशने दारातच विचारलं, "सर, अजून एखादा फॉर्म राहिलाय का?" सर गुंडाळलेल्या गादीवर बसले. पडद्यावर काय दाखवलं ते सगळं त्यांनीच सांगितलं. "चूक माझी आहे. नाव झाकलं आणि बाकी सगळं उघडं ठेवलं. कौतुकाच्या भरात मला दिसलंच नाही." नंतर दोन दिवस ते कंपनीच्या गेटवर उभे राहिले. आत कोणी घेतलं नाही.

कंपनीने दुसऱ्या कोणाकडून तरी मोजणी करून घेतली. जगदाळे साहेब माणसं घडवणारे निघाले. प्रमाणपत्र काचेत लावलंय, असं अंकुश सांगतो. त्या पट्ट्यात मला पुन्हा काम मिळालं नाही. इथे होसूरच्या साहेबांची भाषा मला येत नाही, त्यामुळे त्यांना शून्य द्यावं की चार, हेही कळत नाही.

सर आता फॉर्मवर शिफ्ट आणि महिने विचारत नाहीत. वर्गात ही गोष्ट स्वतःची चूक म्हणून सांगतात. पुढच्या पोरांना त्याचा उपयोग होईल. मला झाला नाही.

सरांना त्यांच्याच मापाने मोजतो. 'अडचण ऐकून घेतात': चार. 'चूक कबूल करतात': चार. 'आपल्यामुळे दुसऱ्यावर काय येईल, याचा आधी विचार करतात': इथे शून्य लिहिलं, खोडलं, एक लिहिलं. त्यापुढे हात जात नाही.

सरांना मी अजून पुरतं माफ केलेलं नाही. होईल हळूहळू, मला वेळ लागतो. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, सरांची तब्येत ठणठणीत राहो. तो एक खोडून चार लिहीन, तेव्हा ते मला समोर बसलेले हवे आहेत.