टोलेडोतले तापलेले दगड

काल इथे आमच्या प्लेनो शहराच्या उन्हात अनवाणीच मेलबॉक्सकडे निघालो आणि ड्राइव्हवेवर चक्क नाचलो. गराजमधून मुलगा ओरडला, “डॅड, शूज!”

त्या चटक्यासरशी मी स्पेनमधल्या टोलेडोत पोचलो. वीसेक वर्षांपूर्वी आईला तिथे नेलं होतं. चर्चमध्ये शिरताना तिने सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. बाहेर येऊन बघतो, तर चपला गायब! दुकानं दुपारची बंद आणि संध्याकाळी आमचं परतीचं विमान.

“आई, राहू दे आता, हॉटेलवर जाऊ.”

“मी सरदारांचे वाडे बघायला आलेय, चपला सांभाळायला नाही,” म्हणत ती पदर खोचून अनवाणीच दगडी गल्ली चढू लागली. प्रत्येक दारावर कोरलेलं घराण्याचं चिन्ह मान वर करून निरखायची, दाराच्या लोखंडी खिळ्यांवरून हात फिरवायची. मागून मी, महागडे स्पोर्ट्स शूज घालून, धापा टाकत.

“दमलास का रे?” तिनेच विचारलं.

तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला होता. ते दगड किती तापले असतील, हे काल तळव्यांना कळलं.

“डॅड, रन!” मुलगा पुन्हा ओरडला.

मी पळालो नाही. पदर नव्हता, म्हणून टी-शर्ट खोचला आणि आईच्या चालीने मेलबॉक्सपर्यंत गेलो.