मातीच्या गोळ्यातली मूठ

कळव्याच्या नाथाला राग यायला मोठं कारण लागत नसे. कुणाच्या हातात वाईट मुठीची सुरी दिसली, की पुरे. माणूस ओळखीचा असो की परका, नाथा त्याला वाटेत थांबवी, सुरी मागून घेई, मूठ फिरवून फिरवून बघे आणि विचारी, "ही मूठ केली कुनी? त्याला हात व्हतं का खुर?"

त्या काळी कळव्याच्या बायका ओहोटीला, त्यांच्या बोलीत सुकतीला, खाडीतल्या खडकांवर कालवं काढायला जात. आखूड, जाड पात्याची सुरी शिंपल्याच्या फटीत घालायची, मनगटाने पिळायची, आतलं मऊ मांस टोपलीत टाकायचं. मग भरती आली, की तरीत बसून पलीकडे ठाण्याच्या बाजारात. नाथाची आई याच कामात झिजली. तिच्या सुरीची मूठ होती बारीक, काठीसारखी. बारीक मूठ ओल्या हातात फिरते, म्हणून ती आवळून धरावी लागते; आणि जन्मभर आवळलेला हात म्हातारपणी उघडत नाही. शेवटी शेवटी आईला भाकरीचा तुकडा मोडता येईना. लोक म्हणाले, वय झालं. नाथा म्हणाला, वय नाही, मूठ. त्याने मिठागराचं काम सोडलं आणि मुठी करायला बसला. चिडका झाला तोही तेव्हापासूनच.

त्याच्या मुठीचं लाकूड बाभळीचं, एक पावसाळा खाल्लेलं. मध्ये पोट, तळहाताची पोकळी भरेल इतकं. पात्याकडे उंचवटा, ओला हात धारेवर घसरू नये म्हणून. शेवटाला किंचित वळण, करंगळीला टेकायला. आणि एका अंगाला अंगठ्यासाठी उथळ खळगा. लाकडाला तेल पाजायचं, पण चकाकी आणायची नाही. चकाकी डोळ्यांना गोड, हाताला निसरडी. बोटांच्या खोल खाचा मात्र तो कधीच पाडत नसे. म्हणे, "हात एका जागी मेलेल्याचा राहतो. जित्याचा हात सारखा सरकतो, त्याला सरकू द्यावं."

कळव्यात रीत अशी होती, की सून पातं माहेराहून आणी आणि मूठ सासरी बसे. हळद लागायच्या आधी नवरी ओल्या चिकणमातीचा गोळा मुठीत दाबी. तो सुकला, की सासरची माणसं नाथाकडे पोचवीत. नवरीचा हात नाथा कधी बघत नसे. त्या गोळ्यावरची बोटं बघून तो मूठ घडवी, आणि नवरीने ती पहिल्यांदा धरली, की तिला वाटे, ही जन्मापासून आपलीच.

म्हणून त्या सकाळी आवडाबाईने त्याच्या अंगणात सुरी आपटली, तेव्हा नाथाच्या हातातला रंधा जागीच थांबला.

"ही घे तुजी मूठ! तीन सुकत्या गेल्या, माजी सून अर्धी टोपली भरीत नाय. हाताची सालटी निघाली, म्हनते पोर. सगल्या बाया हसतान."

"माजी मूठ सालटं काढते?"

"मंग काय माजी जीभ काढते?"

"तुजी जीभ तर वरवंटाबी सोलील, आवडे!"

"मना बोलू नको. पोर तरी खोटी, नाय तर तुजी मूठ खोटी. पोर खोटी असंल तर उद्या तिला माहेरी आयशीकडं पाठवते."

ती निघून गेली. नाथाने सुरी उचलली, कोनाड्यातला मातीचा गोळा काढला, मूठ त्यावर ठेवून बघितली. बोटाला बोट मिळत होतं. रागाने त्याची कानशिलं तापली. आजवर त्याची एक मूठ परत आली नव्हती. आणि आता ती आली एका कामचुकार पोरीपायी!

कालवांच्या खडकावर पुरुष जात नसत. नाथा गेला. गुडघाभर चिखल तुडवत, हातात ती सुरी घेऊन, पुलावरून धडधडत जाणाऱ्या आगीनगाडीपेक्षा मोठ्याने बडबडत गेला. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. "नाथाभाऊ, लुगडं नेसून यायचं व्हतं ना!" एक जण म्हणाली. नाथाने तिच्याकडे बघितलंही नाही.

आवडाबाईची सून शकू एका बाजूला, पाठ करून बसली होती. दुसऱ्या कुणाची सुरी घेऊन शिंपल्याशी झटत होती.

"हात दाखव," नाथा गरजला.

तिने पदर पुढे ओढला आणि उजवा हात पुढे केला. नितळ, मऊ तळवा. एक ओरखडा नाही.

"बघा! बघा गं सगल्या! हा हात कामाचा हाय? या हातानं सुरी धरली तरी व्हती का? आन् बदनामी माज्या मुठीची!"

पण शकूचा डावा हात पदराखाली गेला, तो नाथाला दिसला. तो खाली बसला. आवाज उतरला.

"त्यो दुसरा दाखव, पोरी."

डाव्या हाताच्या अंगठ्याचं बेचकं उघडं, लाल पडलं होतं. उजव्या अंगठ्यासाठी इतक्या मायेने ठेवलेला तो खळगा. त्याची कड डाव्या हातात उलटी पडून मांसात शिरत होती.

"गोला कुठल्या हातानं दाबलास?"

"उजव्या," शकू हळूच म्हणाली. "माजी आय बोलली, उजव्यानंच दाब. डावरी सून कोन घेनार, बाबा?"

आवडाबाई टोपली टाकून धावत आली. "डावरी? माज्या घरान डावरी? माज्या लेकाला, म्हायपतला डाव्या हातानं वाढशील? नाथा, मूठ हाय तशी राहू दे. शिकंल ती उजव्यानं."

आणि मग नाथाला आयुष्यातला सर्वांत मोठा राग आला. बारीक मुठीचा नव्हे, चकाकीचा नव्हे. मुठीसाठी हात बदला म्हणणाऱ्या जगाचा. पोरीला लपवायला लावणाऱ्या आईचा. आणि कधीही न विचारणाऱ्या, नुसती माती बघणाऱ्या नाथाचाही.

"उजव्यानं शिकंल व्हय? मंग तूबी शीक, आवडे. तुज्या हातान जी सुरी हाय, तिची मूठ कुनाची?"

"तुजी."

"दे परत. आजपासून ठाण्याच्या बाजारातली वापर. हात शिकंल की तुजाबी."

त्याने हात पुढे केला. आवडाबाईची मूठ सुरीवर आवळली. तिने ती पोटाशी धरली, पाठीमागे नेली. पंधरा पावसाळे त्या लाकडाने तिचा हात सांभाळला होता. ती देईना. बायका हसायच्या थांबल्या.

मग आवडाबाई सुनेकडे न बघता म्हणाली, "वाढाया मातर उजवा."

"वाढीन उजव्यानं," शकू म्हणाली.

नाथाने पायाशी वाकून खाडीची माती उपसली, मळली आणि गोळा तिच्यापुढे धरला. शकूने डाव्या हाताने तो दाबला, इतक्या जोराने की बोटांमधून माती बाहेर आली.

"हळू, पोरी. हळू धर. चांगली मूठ आवलावी लागत नाय."

भरती लागायच्या आत तो घरी निघाला. ओला गोळा ओंजळीत धरून, वाटेत भेटेल त्याच्यावर खेकसत, "सरा! लांब सरा! मोडाल मेल्यांनो!"

त्यानंतर कळव्यात नवरीच्या दोन्ही हातांचे दोन गोळे नाथाकडे जाऊ लागले. एक आला, तर नाथा दारातूनच परत पाठवी.