पुस्तकात सुलीला नाव नाही

पहिल्या रांगेतल्या लाल रिबिनींच्या मुलीनं विचारलं, "बाई, हिला वाचता येतं?"

सगळा हॉल हसला. बाईही हसल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "येतं तर! कॉलेजात आहे ती. टाळ्या वाजवा बघू."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाचता येतं म्हणून.

रत्नागिरीतल्या एका शाळेत बाईंच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. आपल्या जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या समाजांची मुलं, प्रत्येकाला एक पान, रंगीत चित्रं. बाई निवृत्त शिक्षिका. मी त्यांच्याकडे राहायचे. पडवीत झोपायचं, पाणी भरायचं, भांडी घासायची आणि कॉलेजला जायचं. त्या वाईट नव्हत्या, हे लिहायला हवं. जुनी पुस्तकं द्यायच्या, ताप आला तर काढा द्यायच्या. कदाचित म्हणूनच मला बोलायला इतका वेळ लागला.

नवव्या पानावर माझी धाकटी बहीण होती. सुली. अकरा वर्षांची.

"ही तिची सख्खी बहीण," बाई मुलांना म्हणाल्या. "आता ती आपल्याला हे पान वाचून दाखवील. तिच्या गावच्या हेलात हं!"

मी पुस्तक उघडलं. पान मला पाठच होतं. "ही कुणब्याची पोर. भोळी, हसरी. हिला शाळा नको, पाटी नको. हिला रान हवं."

बागायतदाराच्या मुलाला पुस्तकात नाव होतं. श्रीरंग. त्याच्यासमोर टेबल, टेबलावर पृथ्वीचा गोल, हातात पुस्तक. हर्णैच्या मुलीच्या डोक्यावर मासळीची पाटी. तिला नाव नव्हतं. सुलीच्या डोक्यावर पावसात घ्यायचं पानांचं इरलं, हातात विळा. तिलाही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत बाई माझ्याबरोबर संगमेश्वराकडच्या आमच्या गावी आल्या होत्या, कॅमेरा घेऊन. भात कापणी चालली होती. बाईंना इरलं हवं होतं. पाऊस कधीच संपलेला, इरलं माळ्यावर गेलेलं. आईनं ते काढून, धूळ झटकून दिलं. सुली हसायला लागली. "ताय, उन्हात इरला घेतलेला बगून गाव हसंल ना!" बाई म्हणाल्या, "चित्रात शोभून दिसतं गं." मला ठाऊक होतं, इरलं लावणीला पावसात घेतात, कापणीला कुणी घेत नाही. तरी मीच ते तिच्या डोक्यावर सारखं केलं. सुलीनं भर उन्हात इरलं घेतलं आणि भात कापलं. फोटो निघाला. त्यावरून चित्र झालं.

मग बांधावर बाईंनी मला विचारलं, "ही शाळेत का जात नाही?"

खरं उत्तर सोपं होतं. धाकटा भाऊ रांगता होता. बाबा मुंबईला, आई शेतावर. त्याला सांभाळणारी मी, आणि मी शिकायला रत्नागिरीला निघून आलेली. म्हणून सुलीचं नाव दुसरीतच काढलं. मी शिकले म्हणून ती घरी बसली.

हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "तिला आवडतच नाही शाळा. रानात बरं वाटतं तिला."

बाईंनी वहीत टिपून घेतलं.

प्रकाशनाच्या आदल्या रविवारी मी पुस्तक घरी नेलं. सुलीनं आधी हात धुतले. मग पानावर बोट फिरवत राहिली. तिला स्वतःचं नाव तेवढं ओळखता येतं. "माजा नाव कुटं हाय, ताय?" मी म्हटलं, "पुस्तकात नावं घालत नाहीत." तिनं श्रीरंगाच्या पानावर बोट ठेवून विचारलं नाही, कारण तिला ते वाचता येत नव्हतं. "मग काय लिवलाय? वाच ना." मी वाचलं, "ही मुलगी हुशार आहे. घरचं सगळं सांभाळते." ती इतकी खूश झाली की पुस्तक घेऊन शेजारी दाखवायला पळाली.

तिचा तो धावतानाचा पाठमोरा फ्रॉक मला अजून दिसतो. वर्गात दिसतो, विहिरीवर दिसतो.

हॉलमध्ये मुलं वाट बघत होती. मी पुस्तक मिटलं.

"मी हे वाचणार नाही," मी म्हटलं. "हे खोटं आहे. तिला शाळा हवी होती. हे खोटं मीच बाईंना सांगितलं. पण बाईंनी तिला एकदाही विचारलं नाही. आणि तिचं नाव सुलोचना आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "अगं, मुलांसमोर? किती हौसेनं केलं मी तुमच्या लोकांसाठी."

तुमच्या लोकांसाठी. तोवर मी त्या घरातलीच आहे असं धरून चालले होते.

या वेळी टाळ्या नव्हत्या. त्याच संध्याकाळी मी ट्रंक उचलली. कुणी जा म्हणालं नाही. राहा असंही म्हणालं नाही.

घरी जाऊन सुलीला समोर बसवलं आणि पान जसंच्या तसं वाचलं. कुणी सांगितलं तेही सांगितलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. मग म्हणाली, "मना शाला नको, आसा मी कवा म्हनला?"

त्या दिवसापासून ती मला काही वाचून दाखव म्हणत नाही. मी काही वाचायला घेतलं की उठून बाहेर जाते.

आईला म्हटलं, सुलीचं नाव पुन्हा शाळेत घालायचं. आई म्हणाली, "आनि पोराला कोन बगंल? तुजा कालेज?"

मी बघेन. मैत्रिणीच्या खोलीवर राहून एस. वाय.ची परीक्षा देऊन आलेय. पुढचं वर्ष बाहेरून देईन, घरी बसून, जमेल तसं. कॉलेजातली बाकं, लायब्ररी, मैत्रिणी, सगळं सुटेल. पदवी मिळेल की नाही, सांगता येत नाही. भीती वाटते.

सुलीनं मला माफ केलेलं नाही. मी मागितलेलीही नाही माफी. जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा ती पुन्हा दुसरीच्या वर्गात बसेल, तिच्याहून लहान पोरांत. हसणारे हसतील. भावाचा हात धरून मी रोज तिला दारापर्यंत सोडीन. आणि तिच्याबद्दल कुणी मला काही विचारलं, तर मी म्हणेन, तिलाच विचारा.