सहा महिन्यांचा अधिकारी

नर्सिंगची पदवी घेऊन मी घरी आलो तेव्हा मायनं सगळ्या भावकीत सांगून टाकलं, "पोरगं शिस्टर झालंय." तिला दुसरा शब्दच ठाऊक नव्हता. दवाखान्यात सुया टोचतात, सलाईन लावतात त्या शिस्टर, आणि आपलं पोरगं तेच शिकून आलंय, एवढं तिला पक्कं माहीत होतं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आबा बाहेर मेंढरांना पाणी दाखवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मी मायला बाजूला घेऊन सांगितलं, गड्याला ब्रदर म्हणतात.

"बरदर म्हंजी?"

"भाऊ."

"कुणाचा भाऊ?"

मी पाण्याची बादली उचलून आबांकडं गेलो.

आमचं घर पेडगावच्या बाजूला. मेंढरं, चार बकऱ्या आणि पावसावर पिकणारं थोडं रान. घरातला शिकलेला मी पहिलाच. काही दिवस परभणीत एका खाजगी दवाखान्यात काम केलं आणि तिथंच एका कोर्सबद्दल कळलं. पदवीनंतरचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स. तो झाला की खेड्यातल्या उपकेंद्रावर नेमणूक, तीही समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून. मी आबांना सांगायला रानात गेलो.

"ह्यानं डॉक्टर होतूस का?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा."

"मग नर्सच ऱ्हातूस."

"तसंबी न्हाई."

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मग सहा महिने शिकून हुतं काय?"

मी म्हणालो, अधिकारी होतो. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. खरं तर मलाही नीट कळलं नव्हतं, पण अर्ज करून झाला होता.

वर्गात आम्ही दोन तऱ्हेचे लोक होतो. अर्धे माझ्यासारखे नर्सिंगवाले आणि अर्धे आयुर्वेदाची पदवी घेतलेले, म्हणजे गावात ज्यांना आधीच डॉक्टर म्हणत होते असे. दोघंही शिकून एकच होणार होते. शिकवायला येणाऱ्या एक मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुम्ही इथून बाहेर पडाल तेव्हा स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही. आणि नुसत्या नर्ससारखं सांगितलेलं काम करूनही चालायचं नाही. निर्णय घ्यावे लागतील."

मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मग गावात विचारलं तर काय सांगायचं? आमी कोण?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तेच आपण सहा महिन्यांत बघू." सगळे हसले. मीही हसलो, पण ते बघायचं राहूनच गेलं. बीपी, साखर, क्षयरोग, कुपोषण, बाळाचं वजन, सगळं शिकलो, परीक्षा झाली, प्रमाणपत्र हातात आलं.

नेमणूक मिळाली ती पालमच्या पुढं, फाट्यावर एसटी थांबते आणि तिथून आत चालत जावं लागतं अशा गावात. उपकेंद्राच्या दोन खोल्या होत्या आणि एक सिस्टर तिथं कैक वर्षं होत्या. लसी, बाळंतपणं, गरोदर बायकांच्या तपासण्या त्याच करत. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या.

"बसा साहेब."

"नाही नाही, तुम्ही बसा."

"तुमी आता अधिकारी."

"तुम्ही मोठ्या आहात."

शेवटी आम्ही दोघंही उभ्यानंच बोललो आणि खुर्ची तशीच रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून एक खुर्ची मागून आणली. ती कुणाची, हेही नीट ठरलं नाही.

गावानं मला बरीच नावं दिली. म्हातारी माणसं डॉक्टरसाब म्हणायची, मी नको म्हटलं तरी. पोरं बीपीवाले म्हणायची. एकजण लंगडणारी बकरी घेऊन आला आणि मी माणसांचा आहे म्हटल्यावर रुसून गेला. मला त्या बकरीच्या पायातला काटा दिसत होता, पण तो काढावा की नाही हे ठरवेपर्यंत तो गेलासुद्धा. बायका मात्र थेट सिस्टरकडं जायच्या. माझ्यासमोर त्या डोकं दुखतंय एवढंच सांगायच्या. बाकीचं दुखणं पडद्यापलीकडं, सिस्टरच्या कानात.

एका दुपारी सिस्टर मीटिंगला पालमला गेल्या होत्या. उपकेंद्रात मी आणि आशाताई, दोघंच. आशाताई म्हणजे गावातल्याच बाई, घरोघर फिरून गरोदर बायकांवर लक्ष ठेवणाऱ्या. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतून एक दिवस भरलेली तरुण बाई, तिचा नवरा आणि सासू उतरले. बाईला चालता येत नव्हतं. आशाताईंनी तिला धरून आत टेबलावर नेलं, पडदा ओढला आणि लगेच बाहेर येऊन मला म्हणाल्या, "साहेब, लय जवळ आलंय. पालमपर्यंत न्हाई पोचायची ही."

मी अँब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, वेळ लागणार होता. सिस्टरांचा फोन लागेना. मी हातमोजे घातले आणि पडद्याकडं निघालो, तर सासू आडवी उभी.

"तुमी कुठं निगालाव?"

"आत. बाळंतपण करायचंय."

"गड्यानं? आमच्यात न्हाई चालत. शिस्टरला बोलवा."

"शिस्टर पालमला हायेत माय. गाडीबी लवकर येत न्हाई."

"मग आशा करील."

आशाताईंनी आयुष्यात बाळंतपण केलं नव्हतं. त्या घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या. मीही काय बघणार? पदवीच्या वर्षांत आम्हा मुलांना प्रसूतीच्या खोलीत फारसं उभं करत नसत, बरंचसं पुतळ्यावर शिकलो होतो. कोर्सच्या सहा महिन्यांत थोडी बाळंतपणं पाहिली, त्यातल्या एखाद्याला हात लावला होता. आत जायचा मला हक्क आहे का, की सासूला बाजूला सारणं हाच गुन्हा होईल? काही झालं तर कोण विचारेल? आणि आत न जाता काही झालं तर? मॅडम म्हणाल्या होत्या, निर्णय घ्यावे लागतील. इतक्या लवकर, असा, हे कुणी बोललं नव्हतं.

मी पडद्याच्या बाहेर उभा राहून आशाताईंना सांगायला लागलो. "डोकं दिसतंय का? किती? तिला जोर लावू देऊ नका, श्वास सोडायला सांगा." त्या आतून काहीबाही उत्तरं देत होत्या. मला कशाचाच अंदाज येईना. नवरा दाराशी उभा, एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघत होता.

मग आतून ती बाईच ओरडली, "आत्याबाई, येऊ द्या की त्यास्नी! मी मरायलेय हितं!"

सासू जागची हलली नाही, पण तिचा आडवा हात खाली आला. मी आत गेलो.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. डोकं आलं, मानेभोवती नाळेचा एक सैल वेढा होता, तो बोटानं काढला. खांदे आले आणि मग एकदम सगळं बाळ माझ्या हातात. मुलगी. निळसर आणि गप्प. मी तिला कोरड्या कापडात घेऊन पुसलं, पाठ चोळली, तळपायावर टिचकी मारली. नाकातोंडातलं पाणी ओढून काढलं. तरी गप्प. नाळ कापून मी तिला बाजूच्या टेबलावर घेतलं आणि तोंडावर मास्क ठेवून हवेची पिशवी दाबायला लागलो. आशाताई म्हणत होत्या, "साहेब, साहेब." सासू पडद्याशी येऊन उभी होती.

छोटी छाती वर उचलली. पुन्हा उचलली. मग एक खाकरल्यासारखा आवाज आला आणि ती रडली.

मी तिला आईच्या छातीवर ठेवलं, आईला इंजेक्शन दिलं, वार पडेपर्यंत थांबलो. रक्तस्राव आटोक्यात होता. मी हात धुवायला गेलो. आशाताई जवळ येऊन म्हणाल्या, "साहेब, तुमी पिशवी दाबताना तोंडानं काय म्हणत होताव?"

"काय म्हणत होतो?"

"च्च च्च, चल चल, असं. मेंढीचं पिल्लू उठत नसलं की म्हणत्यात तसं."

मला काहीच आठवत नव्हतं. लहानपणी आबांबरोबर रानात अशी कितीतरी कोकरं मी पुसली होती, हे खरं. पण पिशवी तर कोर्समध्ये शिकलो. त्या टेबलाशी नेमकं कोण उभं होतं, ते मी आजवर लावून बघतोय, लागत नाही.

गाडी आली आणि दोघींना पालमला घेऊन गेली. संध्याकाळी पालमहून आमच्या वरच्या डॉक्टरांचा फोन आला. "छान केलंत," ते म्हणाले आणि त्याच सुरात पुढं म्हणाले, "पण तुम्हाला एकट्यानं करायला कुणी सांगितलं होतं?" मी "सर" एवढंच म्हणालो. ही शाबासकी होती की ताकीद, फोन ठेवल्यावरही उमगलं नाही. सिस्टर परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खोली बघितली, सामान बघितलं आणि म्हणाल्या, "मी असते तर हेच केलं असतं." मग दाराकडं जाताना म्हणाल्या, "पण मला कुणी अडवलं नसतं." मायलेकी तीन-चार दिवसांनी धडधाकट घरी आल्या.

पुढं काही महिन्यांनी मी पालमच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. समोरून तेच तिघं आले, मुलगी आईच्या कडेवर. नवऱ्यानं माझे दोन्ही हात धरले. सासू चारचौघांत मोठ्यानं म्हणाली, "ह्येच बघा ते डॉक्टर, आमच्या पोरीला ह्यांनीच जितं केलंय." मी डॉक्टर नाही हे सांगायला तोंड उघडलं, तोवर माझी नजर सुनेकडं गेली. तिनं डोक्यावरचा पदर झटकन पुढं ओढला, माझ्याकडं पाठ केली आणि मुलीला छातीशी घेऊन दुकानातल्या बांगड्या बघत उभी राहिली. त्या दुपारी सगळ्यांत आधी तिनंच मला आत बोलावलं होतं.

मीही दुसरीकडं बघायला लागलो. गाडी आली तसा मी चढलो.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना विचारलं, "ती लाजली, का रागावली, का मान दिला म्हणायचा?"

सिस्टर लसीच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात लावत होत्या.

"कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं कुणी अशी पाठ केली न्हाई कधी, त्यामुळं मला सांगता येत न्हाई."

बाहेर बायकांची रांग लागायला सुरुवात झाली होती. मी बीपीचं यंत्र घेऊन माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. रांग सिस्टरच्या दाराशीच लांबत गेली.