गोड्या विहिरीवरचा फोटो

समुद्राला ‘जरा थांब’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे शेजारी. एकेकाळी ते शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून सारं थळ गाव त्यांना मास्तर म्हणे. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. मास्तर फोटो काढत ते फक्त जागांचे: मिठागरं, ओहोटीचा चिखल, वाळूवरच्या रेघा. एका ढगासाठी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून दुपारभर उभे राहत आणि समोर कुणी आलं की आतूनच ओरडत, “बाजूला व्हा!” एकदा होडी लोटणारा कोळी म्हणाला, “मास्तर, मी सरतो, पन होडी काय खिशात घालू?” मास्तरांनी होडीकडे गंभीरपणे पाहिलं. विचार करत असावेत. माणसांचे फोटो का काढत नाही, असं मी भीत भीत विचारलं तेव्हा म्हणाले, “माणूस कॅमेऱ्यापुढे खोटा उभा राहतो रे. चिखल नाही राहत.”

एका वैशाखात, तीन वर्षं वाट पाहून, त्यांना हवा तो ढग हव्या त्या ओहोटीवर मिळाला. त्यांचे फोटो काचेवर उतरत. ही काच औषधातून निघाली, पण ती गोड्या पाण्याने धुवायला हवी. खाऱ्या पाण्याने धुतली तर वाळताना तिच्यावर मीठ फुलतं. मास्तरांची विहीर उन्हाळ्यात खारी व्हायची. दोन कळश्या घेऊन ते गावच्या गोड्या विहिरीवर धावले. तिथे बायकांची रांग होती, तीत माझी आईही. पुढचीने त्यांना अडवलं.

“आमाला बाजूला व्हा म्हनता, आनि पानी आमचंच पायजे व्हय?”

“बाई, काच वाळतेय हो!”

“मंग आमचा फोटू काडा. सगल्यांचा.”

मास्तर घामाघूम झाले. शेवटी त्यांनी मान डोलावली, आणि बायकांनी आपले भरलेले हंडे स्वतः त्यांच्या अंगणात नेऊन पोचवले. काच वाचली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शब्द पाळला, पण इतक्या लांबून, की फोटो कधी निघाला ते बायकांना कळलंच नाही. वाट बघून कंटाळून त्या पुन्हा पाणी शेंदू लागल्या होत्या. फोटोत भलंमोठं आभाळ, माड, आणि विहिरीभोवती तांदळाच्या दाण्याएवढ्या सात बायका. त्यांनी मास्तरांना पोटभर शिव्या घातल्या, मग “ही मी”, “न्हाय, ती मी” करत आपसात भांडल्या. आई तेवढी म्हणाली, “मला काय ठावं? सगल्या सारक्याच.”

मी कॉलेजला निघालो तेव्हा मास्तरांनी तो फोटो मला दिला. “यात आमची आई कोणती?” मी विचारलं. जराही न शोधता त्यांनी एका दाण्याशेजारी नख टेकवलं. “ही. काचेसाठी हिने पाण्याच्या तीन खेपा केल्या.”

मास्तर गेल्या श्रावणात गेले. फोटो वसतिगृहात माझ्या खाटेजवळ आहे. आता मलाही आई त्यात लगेच सापडते.