गार इंजिन पाहायचं राहिलं

मलकापुरात जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा मी जीप धुण्यापासून सुरू करून उभा केला. एक नियम कायम पाळला. गाडी पाहायची ती सकाळी, रात्रभर बंद राहिलेली. आधी बाटलीतली कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पातळी पाहायची. मग इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा पाइप हाताने दाबायचा. इंजिन गार असताना तो पहिली काही मिनिटं नरम राहिला पाहिजे. लगेच दगडासारखा झाला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग गेलं, सिलिंडरमधला दाब पाण्यात घुसतोय. तापलेल्या इंजिनाचा पाइप कडकच लागतो, त्यावरून काही कळत नाही.

हा नियम मी एकदाच मोडला, तोही सख्ख्या मामेभावाकडे.

मुलीला जळगाव जामोदच्या शाळेत नोकरी लागली होती. रोजच्या येण्या-जाण्याला गाडी हवी होती आणि भावाला त्याची विकायची होती. मी वडनेर भोलजीला त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा तो नुकताच कुठून तरी फिरून आला होता. बॉनेटला हात लावता येत नव्हता, इतकं तापलेलं. बाटली मात्र वरच्या खुणेपर्यंत भरलेली. मी सौद्याला बसलो. टायर गुळगुळीत, दार घासलेलं, सीट फाटलेलं, एकेक खोट काढत दोन तास त्याला खाली आणलं. पोरीसाठी घेतोय, हेही भाव पाडायला चार वेळा ऐकवलं. सौद्यात माझा आवाज चढतो, तसा तेव्हाही चढला.

भाव ठरल्यावर मी म्हणालो, गाडी आज इथंच राहू दे, सकाळी पाहून नेतो. पण तोवर मामी हळद-कुंकू आणि नारळ घेऊन अंगणात आली होती.

"घरची गाडी हाय बाप्पा. घरच्याले काय तपासतं?"

तिने चाकापुढे नारळ फोडला. त्यानंतर तिच्यादेखत थांबून गाडी तपासणं मला जमलं नाही. पेढा खाल्ला आणि निघालो.

पहिल्याच आठवड्यात कूलंटची बाटली तीनदा रिकामी झाली. जमिनीवर थेंब नाही, म्हणजे पाणी इंजिनाच्या आतच जात होतं. चौथ्यांदा मुलगी भर उन्हात रस्त्याच्या कडेला एकटी उभी राहिली, बॉनेटमधून वाफा निघत होत्या. मी वाटेत पाणी ओतत ओतत गाडी वडनेरला नेली, रात्रभर भावाच्याच अंगणात ठेवली. सकाळी त्याचा हात धरून पाइपवर ठेवला आणि इंजिन चालू केलं. मिनिटभरात पाइप ताठ झाला. भावाच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही.

"तुले माहीत होतं?"

"हाव. सांगणारच होतो. पण तू त मले चोरासारखा झाडून राह्यला होता. मंग म्हटलं, एवढा हुशार हायेस त पाह्य तूच."

मी तोंडाला येईल ते बोललो. मामी ओट्यावर बसून ऐकत होती.

मी त्याला झाडलं, हे खरं आहे. त्याचा राग त्याने माझ्यावर काढायचा होता. त्या गाडीत मी बसणार नव्हतो, आणि कोण बसणार ते मीच त्याला चार वेळा सांगितलं होतं.

हेडचं काम मी मलकापुरात करून घेतलं. गाडी आता नीट चालते. मुलगी म्हणते, काकाशी बोला. मामीचा फोन मी उचलतो. त्याचा नाही.